व्हॉल्व्हला बांधलेला दोरा

विघ्ने दूर करणाऱ्या, पण माणसाने स्वतःच्या हाताने पेरलेली विघ्ने त्यालाच निस्तरायला लावणाऱ्या श्रीगजाननाला साष्टांग वंदन करून हा लेख लिहायला घेतो. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे पहिले पान दरवर्षी माझ्याकडे असते. चार मंगल श्लोक, त्यांचा अर्थ आणि शेवटी सर्व कुटुंबांना आशीर्वाद, असा त्याचा प्रघात. यंदा सेक्रेटरींनी आठवण करून दिली तेव्हा मी सांगितले, की पान लिहीन, पण ते कोपर स्टेशनाबाहेरच्या सायकलवाल्या मधुकररावांच्या स्मृतीचे असेल. ते जरा चपापले. "गुरुजी, उत्सवाच्या अंकात मयताचं कशाला?" असे म्हणाले. नको असेल तर पान कोरे सोडा, असे मी उत्तर दिले. वयाला मान देऊन ते गप्प बसले. त्या मानाचाही आता मला वीट आला आहे.

मधुकरराव, तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले.

पहिलीच ओळ लिहिताना लेखणी अडखळली. तीस वर्षे मी तुम्हाला "अरे मधू" अशी हाक मारली. तुम्ही माझ्याहून अवघ्या सहा वर्षांनी लहान होतात, डोक्यावरचे केस माझ्याआधी पांढरे झाले होते, तरी तुमच्या तोंडी "गुरुजी, तुम्ही" आणि माझ्या तोंडी "अरे, तू". असे का, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आता "तुम्ही" म्हणतो आहे. ऐकायला तुम्ही नाही आहात, त्यामुळे त्याची किंमत फारशी नाही, हे मला समजते.

शाळेत साहित्यशास्त्राची तोंडओळख करून देताना मी मुलांना सांगत असे, की बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा. उदाहरणाला स्मशान, पू, रक्त अशी ठरलेली वर्णने देत असे. मुले तोंडे वेडीवाकडी करीत, वर्गात हसू पिकत असे आणि तास संपत असे. ज्याची किळस येते ते स्वतःच्याच कातडीच्या आत असेल तर माणसाने तोंड कुठे फिरवायचे, हे मला तेव्हा कोणी विचारले नाही. विचारले असते तरी सांगता आले नसते.

तुमचे दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, एक लाकडी पेटी, भिंतीवर टांगलेले टायर आणि पुढ्यात पाण्याची परात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरोघरी स्तोत्रे शिकवायला आणि पूजा सांगायला सायकलवरून जाऊ लागलो, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी तुमच्या बाकावर बसणे होई. तुमची कामाची रीत मी पाहत राही. चाकातून ट्यूब काढण्यापूर्वी तुम्ही व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूची रेघ ओढायचात. मग ट्यूब फुगवून परातीत फिरवायची, बुडबुडा सापडला की तिथे बोट ठेवायचे आणि ट्यूब पुन्हा टायरच्या रेघेशी जुळवून धरायची, म्हणजे भोक चाकाच्या नेमक्या कोणत्या जागी पडले ते कळते. बाहेरच्या अंगाला भोक असेल तर तुम्ही टायरमध्ये बोटे फिरवून काच नाहीतर खिळा शोधायचात. आतल्या अंगाला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे का, एखादी तार डोके वर काढते आहे का, ते पाहायचात. आणि भोक व्हॉल्व्हच्या मुळाशी असले तर तुम्ही ट्यूब खाली ठेवून आधी गिऱ्हाइकाकडे नीट बघायचात.

"बाहेरून गेली तर रस्त्याची करणी, आतून गेली तर चाकाची," असे तुम्ही एकदा एका कॉलेजच्या मुलीला सांगत होतात. "आणि वॉलपाशी गेली ना ताई, की मालकाची. काय केलंत ते खरं सांगा, मी घरी सांगणार नाही." तिने हसत कबूल केले, की हवा कमी असतानाच ती आठवडाभर मैत्रिणीला मागे बसवून फिरली होती. तुम्ही तिला चाकावर दाखवून दिलेत: हवा कमी असली की टायर रिमवरून हळूहळू सरकतो, ट्यूबलाही बरोबर ओढतो, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. तो तिरका होतो, आणि ओढ बसून मुळाशी फाटतो. "रोज निघताना फक्त बघायचं, वॉल सरळ उभा आहे का मान वाकडी केलीय. मान वाकडी दिसली की हवा सोडायची, टायर सरकवून परत सरळ करायचा, आणि मग गच्च हवा." मी तेव्हा मनात म्हटले होते, किती सोपे शिकवतो हा. वर्गात मला इतके सोपे कधी साधले नाही. हे कौतुक तुमच्या कानावर घालावे असे काही मला सुचले नाही.

शीळफाट्याचा तो दिवस तुम्हालाही आठवत असणार. फाट्याच्या पलीकडे एका यजमानांकडे वास्तुशांत होती. परतताना भर उन्हात माझ्या मागच्या चाकाची हवा एकदम गेली, तीही व्हॉल्व्हपाशी. चहाच्या टपरीवरून मी तुम्हाला फोन केला. दुकान तुमच्या पत्नी वत्सलाबाईंवर सोपवून तुम्ही खांद्यावर नवी ट्यूब आणि कॅरिअरला पंप लावून कोपरहून सायकल मारत आलात. जुनी ट्यूब तपासायला तिथे पाणी नव्हते. तुम्ही ती फुगवून ओठांजवळ धरलीत आणि धुळीने माखलेले ते रबर तोंडापाशी फिरवत फिरवत वाऱ्याची बारीक धार ओठांनी शोधलीत. मला शिसारी आली. आज लिहितो. तुम्ही माझ्यासाठी उन्हात दहा किलोमीटर आलेले, आणि मला तुमच्या ओठांवरची धूळ बघून शिसारी आली. काम झाल्यावर तुम्ही पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी माझ्यापुढे धरलीत. माझा घसा कोरडा पडला होता. मी म्हणालो, "आज एकादशी आहे रे, निर्जळी."

त्या दिवशी एकादशी नव्हती, मधुकरराव. तुमच्या दुकानातल्या कॅलेंडरवर तिथी छापलेल्या असायच्या आणि मीच दर एकादशीला तुमच्याकडे बसून साबुदाण्याच्या खिचडीच्या गोष्टी सांगत असे. तुम्हाला ठाऊक होते. तुम्ही बाटली मागे घेतलीत, स्वतःही पाणी प्यायला नाहीत, आणि घरापर्यंत माझ्या मागून सायकल चालवत आलात, ट्यूब पुन्हा गेली तर हाताशी असावे म्हणून.

माझी पत्नी गेली त्याला आता दहा वर्षे झाली. ती असताना दसऱ्याला सायकलीची पूजा तीच करी. हँडलला झेंडूची माळ, कुंकवाचे एक बोट, झाले. ती गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी ठरवले, की हे आता शास्त्राला धरून करू. कोणत्या शास्त्राला, ते विचारू नका. वायू चाकात शिरतो तो व्हॉल्व्हवाटे, म्हणून वाहनाचे प्राणस्थान ते, असा सिद्धांत मी स्वतःच मांडला आणि स्वतःलाच पटवून घेतला. हळदीच्या पाण्यात भिजवलेल्या सुताचे पाच वेढे व्हॉल्व्हच्या मुळाशी घातले, वर रिमचा नट पकडीने गच्च आवळला, म्हणजे दोरा वर्षभर सुटू नये, आणि त्यावर पळीभर पाणी शिंपडले. मागचे चाक तेवढे पूजिले, भार तेच वाहते म्हणून. दीड-दोन महिन्यांनी ते चाक बसले. फाटले होते व्हॉल्व्हच्या मुळाशीच.

पुढल्या वर्षी तसेच. त्याच्या पुढल्या वर्षीही तसेच. दरवेळी तुम्ही ट्यूब पाहून म्हणायचात, की या जागी पॅच धरत नाही, रबर जाड आहे आणि पितळेशी जोडलेले आहे, नवीच ट्यूब बसवावी लागेल. दरवेळी बसवताना तुम्ही जुन्या ट्यूबचा एक गोल तुकडा कापून, मध्ये भोक पाडून, व्हॉल्व्हच्या मुळाशी आतून गादीसारखा घालायचात. टायर बसवताना व्हॉल्व्ह आधी आत ढकलायचात, की टायरच्या कडेखाली ट्यूब चिमटू नये, आणि नट बोटाने जेमतेम टेकवून सोडायचात. मी घरी येऊन तो पकडीने पुन्हा आवळत असे. दोरा तुम्ही काढलेला असायचा. मी दसऱ्याला नवा बांधत असे.

पाचव्या वर्षी तुम्ही बोललात. दुकानात दोन गिऱ्हाइके होती आणि वत्सलाबाई आत डबा उघडत होत्या. ट्यूब मांडीवर ठेवून तुम्ही म्हणालात, "गुरुजी, एक सांगू? राग येणार तुम्हाला. पण हा दोराच ट्यूब खातोय."

तुम्ही पुढे समजावू लागलात. नट आवळला की व्हॉल्व्ह भोकात ओढला जातो. सूत ओले राहते, त्याने रिमच्या भोकाला गंज चढतो, भोकाची कड करवतीसारखी होते, आणि तीच कड ट्यूबला कापते. माळ हँडलला घाला, असे तुम्ही म्हणालात. बाई तिथेच घालायच्या.

पत्नीचा उल्लेख तुमच्या तोंडी आला आणि माझा तोल गेला. मी म्हणालो, की वायू ही देवता आहे, तिच्या स्थानाची पूजा कशी करावी हे तू मला शिकवू नकोस.

"देवता आहे ना?" तुम्ही हसत म्हणालात. चिडवण्याची तुमची ती नेहमीची रीत होती, हे मला आज मान्य करता येते. "मग देवतेच्या गळ्याला फास कशाला लावता, गुरुजी?"

दोन्ही गिऱ्हाइके हसली. आणि मी, ज्याने आयुष्यभर मुलांना वाणीच्या तपाचे धडे दिले, तो मी त्या दुकानात उभा राहून म्हणालो, "आमच्या देवाधर्मात तू पडू नकोस, मधू. तुझं काम पंक्चर काढायचं. तेवढंच कर." त्यातल्या "आमच्या" या शब्दावर मी किती जोर दिला होता, ते वत्सलाबाईंच्या हातातले डब्याचे झाकण जिथल्या तिथे थांबले त्यावरून कळण्यासारखे होते. तुम्ही ट्यूब बसवलीत, हवा भरलीत, चाक फिरवून पाहिलेत. आणि सायकल माझ्या हातात देताना फक्त म्हणालात, "वॉल सरळ आहे बघून घ्या."

इथे थांबलो असतो तरी तो अपराध एका रागाचा म्हणून खपला असता. मी थांबलो नाही. त्याच आठवड्यात सोसायटीच्या बैठकीनंतर चहा घेताना मी चौघांदेखत म्हणालो, की पाच वर्षे माझी ट्यूब एकाच जागी कशी फाटते, हवा भरताना कोणी टोचत असेल तरच हे शक्य आहे. तुमचे नाव घेतले नाही. नाव न घेता बदनामी करण्याचे जे सभ्य कौशल्य आम्हा शिकलेल्या लोकांना अवगत असते, ते मी पुरेपूर वापरले. सेक्रेटरींनी वॉचमनला सांगितले, वॉचमनने आयांना सांगितले, आणि महिनाभरात आमच्या तिन्ही इमारतींतल्या मुलांच्या सायकली पुलापलीकडच्या दुकानात जाऊ लागल्या. माझीही गेली. तुम्ही त्यानंतर एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलेत, "गुरुजी, मी टोचतो म्हणून कोण म्हणालं हो?" मी म्हणालो, "लोक काय, काहीही बोलतात."

तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. मला वाटते तुम्हाला कळले होते.

पुलापलीकडच्या त्या दुकानाचे वर्णन करणे मला भाग आहे. तिथला माणूस कारण वगैरे सांगत नसे. पहिल्याच खेपेस त्याने माझ्या ट्यूबमध्ये एक हिरवा चिकट द्रव भरला आणि आता पंक्चर विसरा असे सांगितले. व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर पडली की असला द्रव तिथे टिकत नाही. रबर तिथे सतत हलत असते. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी धूतवस्त्र नेसून पूजेला निघालो, तर जिन्याखाली चाक बसलेले, आणि व्हॉल्व्हमधून ती हिरवी राड ठिबकून फरशीवर साचलेली. उचलायला गेलो तर बोटांना, धोतराला, सगळीकडे शेंबडासारखी चिकटली. साबणाने, शिकेकाईने, रॉकेलने, कशाने म्हणून तिचा वास जाईना. त्याच दुपारी मी सायकल त्या माणसाकडे नेली. त्याने माझा दसऱ्याचा दोरा कात्रीने कापला आणि माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, शेजारच्या गटारात टाकला.

तुम्ही तो दोरा दरवर्षी हाताने उकलून बाजूला ठेवलात आणि कारण सांगितलेत, तेव्हा माझा धर्म दुखावला. त्याने तो गटारात फेकला आणि काही सांगितले नाही, तर मी ट्यूब बदलून मुकाट घरी आलो. चार वर्षे तिथे जात राहिलो, दरवर्षी ट्यूब व्हॉल्व्हपाशीच फाटत राहिली. तेव्हा तुमच्यावरचा आळ खोटा आहे हे सिद्ध होण्याला कोणता पुरावा कमी होता? माझ्या चाकाजवळ तुम्ही चार वर्षे फिरकला नव्हतात. हे साधे अनुमान, तर्काच्या पहिल्या पाठातले, मी करू शकलो नाही असे नव्हे. मला ते करायचे नव्हते. केले असते तर तुमच्याकडे यावे लागले असते.

तुम्ही गेल्याचे मला दूधवाल्याकडून कळले. पाचव्या दिवशी तुमच्या चाळीच्या अंगणात जलदान विधी होता. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली. त्रिशरण-पंचशील झाले. पाली मला बरीचशी कळते. संस्कृतच्या घरातलीच ती, तिचे बोलणे ओळखीचे वाटते. "खोटे बोलण्यापासून दूर राहीन" या अर्थाचे वचन सगळ्यांबरोबर माझ्याही ओठी आले आणि अर्ध्यात थांबले. मग लोक तुमच्याविषयी बोलायला उभे राहिले. आमचे सेक्रेटरीही आले होते. "गरीब, पण प्रामाणिक माणूस," असे ते माइकवर म्हणाले. त्यातला तो "पण" मी ओळखला. आणि त्यांना तो "पण" मीच शिकवला होता.

कोणीतरी म्हणाले, गुरुजी, तुम्ही दोन शब्द बोला. मी उभा राहिलो. मनाशी वाक्य तयार होते: या माणसाने माझी ट्यूब कधीही टोचली नाही, मी खोटे बोललो. ते एवढेच वाक्य म्हणायचे होते. समोर वत्सलाबाई बसल्या होत्या, आमच्या इमारतीतली दहा-बारा माणसे होती. मी डोळे मिटले आणि देहाच्या नश्वरतेवरचा एक श्लोक म्हटला. सुरात म्हटला. अर्थही सांगितला. लोकांनी हात जोडले.

मधुकरराव, त्या श्लोकाइतकी घाणेरडी गोष्ट माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. श्लोक बिचारा निर्मळ आहे. मी त्याच्या आड लपलो.

मंडप रिकामा झाल्यावर वत्सलाबाईंनी मला हाक मारली. आत जाऊन त्यांनी एक तार आणली. त्या तारेत पितळेचे पाच व्हॉल्व्ह ओवलेले होते, प्रत्येकाच्या मुळाशी ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा, आणि प्रत्येकाला माझा दोरा, हळद उडालेला, गंजाने तांबूस झालेला. रबरावर पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरात वर्षे लिहिलेली होती. पाचही ठिकाणी चीर एकाच बाजूला, एकाच आकाराची, आणि ती भोकाच्या कडेने कापलेली आहे हे आंधळ्यालाही बोटाने समजले असते.

"हे तुमचं आहे, गुरुजी," त्या म्हणाल्या. "गुरुजी आले की दाखवीन, राग गेला की येतील, म्हणायचे. खिळ्याला टांगून ठेवलेलं. चार वर्षं."

मी म्हणालो, की वत्सलाबाई, माझी चूक झाली, मी त्यांच्याविषयी खोटे बोललो.

त्या रडत नव्हत्या. "मला माहितीय. त्यांना पण माहिती होतं," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय करू मी? जिथे बोललात तिथे सांगा."

त्या संध्याकाळी मी सायकल उलटी करून मागचे चाक काढले. नव्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आधीच तिरका झालेला होता. नट सोडला, व्हॉल्व्ह बाहेर काढला, आणि रिमच्या भोकात करंगळी घातली. बोट कापले. लहानशीच जखम, पण रक्त आले. ते मी पुसले नाही काही वेळ. नऊ वर्षे ज्याला प्राणस्थान म्हणून हळदकुंकू वाहिले, ती जागा मी एकदाही बोटाने चाचपून पाहिली नव्हती. तुम्ही परातीत, अंधाऱ्या पत्र्याखाली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून, ती दरवर्षी पाहत होतात. पूजा कोणाची होती?

आपला वाद अर्धाच राहिला. माझे म्हणणे अजूनही असे, की जी वस्तू आपल्याला वाहून नेते तिला वर्षातून एकदा नमस्कार करावा. तुम्ही यावर काय म्हणाला असता त्याचा मी अंदाज बांधतो: नमस्कार करा की, पण आधी हवा बघा. त्याचे उत्तर तुमच्या बाकावर बसून, तुमच्या हातचा चहा घेऊन द्यायला हवे होते. तो चहा तीस वर्षांत मी एकदाही घेतला नाही. दरवेळी कुठलातरी उपवास निघे.

दुसऱ्या दिवशी मी सायकल वत्सलाबाईंकडे नेली. दुकान त्या चालवतात, हे मला आजवर फक्त तुम्ही नसतानाचा आधार म्हणून ठाऊक होते. हात तुमच्याइतकाच बसलेला आहे हे त्या दिवशी पाहिले. त्यांनी गोल कानशीने भोकाची कड आतून बाहेरून घासली, बोट फिरवून पाहिली, पुन्हा घासली. मग माझे बोट धरून आत घातले आणि बघा म्हणाल्या. गुळगुळीत होते. रबराची गादी कापली, पट्टी बदलली, नट बोटाने टेकवला. सारे तुमच्याच क्रमाने. चहाचा पेला त्यांनी माझ्यापुढे ठेवला नाही, आणि मी मागितला नाही. तो हक्क मी गमावला आहे. निघताना मी म्हणालो, की इमारतीत सांगतो. त्या म्हणाल्या, "सांगा आधी."

म्हणून हे पान.

आणि आता, माझ्या सोसायटीतील सभ्य स्त्री-पुरुषहो, प्रघाताप्रमाणे तुमच्याकडे वळतो. चार वर्षांपूर्वी चहाच्या वेळी मी जे बोललो ते असत्य होते. कै. मधुकरराव यांनी माझी ट्यूब कधीही टोचली नाही. ती माझ्या अज्ञानाने आणि माझ्या गर्वाने फाटत होती. तारेत ओवलेले ते पाच व्हॉल्व्ह मी गणपतीच्या मखराशेजारी टेबलावर ठेवणार आहे. ज्याला शंका असेल त्याने दर्शनाला आल्यावर हातात घेऊन पाहावे. मुलांच्या सायकलींचे व्हॉल्व्ह सरळ उभे आहेत का, तेही पाहावे, आणि नसतील तर स्टेशनाबाहेर वत्सलाबाईंकडे जावे. वाचून झाल्यावर वॉचमनलाही हे सांगावे, कारण माझे खोटे त्याच्याच तोंडून घरोघरी गेले होते, आणि खऱ्यालाही त्याच वाटेने जावे लागेल.

तुमच्या घरातली लेकरे जिथे जातील तिथून सुखरूप परत येवोत. रस्त्यात कोणी पाणी पुढे केले, तर ते घेण्याइतके तुमचे मन निर्मळ राहो. आणि चूक दाखवणारा माणूस जिवंत असतानाच त्याच्या दारी जाण्याची बुद्धी श्रीगजानन तुम्हाला देवो. मला ती त्याने दिली होती. मी वापरली नाही.